मिरजेच्या तुनाची गिटार: फ्रेट झाले, आता जवारी

तून नावाच्या लाकडाची विजेची गिटार मी स्वतः बनवतोय. मागच्या नोंदीत तिच्या बॉडीचा सांधा वाळत होता. आता राउटिंग (खाचा कोरणं), नेक म्हणजे मान, वायरिंग सगळं उरकलंय आणि तारा चढल्यात. ब्रिजजवळच्या (बॉडीवर तारा टेकतात तिथल्या) पिकअपवर, म्हणजे तारेचा कंप पकडणाऱ्या चुंबकी वेटोळ्यावर, आवाज टणक आहे, नेकजवळच्या पिकअपवर चांगला गोल येतोय. मी खूश आहे.

‘तूनच का?’ असं बऱ्याच जणांनी विचारलं. मिरजेत सतार-तंबोऱ्यासाठी तून पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, म्हणून सांगली-मिरजेच्या वखारीत विचारलं तर जुनं, मुरलेलं लाकूड मिळू शकतं. तून आणि महोगनी एकाच कुळातली झाडं. रंग तसाच लालसर, रेषा मोकळ्या, रंध्याखाली गुण्यागोविंदानं येणारं. दोन फळ्या जोडून ४४ मिमी जाडीची टेली (फेंडर टेलिकास्टर) आकाराची बॉडी काढली, ती दोन किलोच्या आत बसली. लाकूड मऊ आहे, त्यामुळे स्क्रूला आधी बारीक भोक पाडाच. नेकचा खड्डा १६ मिमी खोल आणि ५६ मिमी रुंद. तो राउटरनं थोडा अरुंद ठेवून शेवटचं पटाशीनं उतरवलं. नेक हातानं दाबून बसला पाहिजे आणि बॉडी उचलली तरी गळून पडता कामा नये, इतका घट्ट.

जुन्या वाड्याच्या सागाचा मोह मलाही आहे. पण साग जड, आणि त्याच्या अंगचं तेल गोंद धरू देत नाही. सांधा चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोननं पुसून घ्यावं लागतं. जुन्या तुळईत मोडलेले खिळे असतात, तेव्हा आधी चुंबक फिरवा, मगच करवत लावा. तरी जुन्या लाकडाला नाक मुरडू नका. ‘क्वीन’ बँडचा गिटारवादक ब्रायन मेनं १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरी जी गिटार करायला घेतली, तिचा नेक शेकोटीच्या जुन्या महोगनी चौकटीतून काढलेला होता.

माझं मत मात्र ठाम आहे. सॉलिड (भरीव) बॉडीत लाकडावर पैसे घालण्याआधी फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) यांवर वेळ घाला. स्वस्तातला मेपलचा तयार नेक मिळतो, त्याचं लाकूड बहुतेकदा ठीक असतं, पण फ्रेट वरखाली असतात आणि टोकं बोटाला लागतात. ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) फिरवून नेक सरळ केला, फ्रेटच्या डोक्यांवर मार्करनं काळं केलं, सपाट पट्टीला ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून लांबीच्या दिशेनं घासलं. जिथं काळं राहतं तो फ्रेट खाली. सगळ्यांवरचं काळं सारखं गेलं की थांबायचं, मग तिकोनी कानशीनं प्रत्येकाचं डोकं पुन्हा गोल करायचं. कानशीच्या कडा आधी घासून बोथट केल्या, म्हणजे फिंगरबोर्डला ओरखडा जात नाही. तीन फ्रेटवर बसेल एवढा स्टीलपट्टीचा तुकडा ठेवून डुलतो का पाहिलं. या कामाला घाई चालत नाही.

ब्रिजची जागा नटापासून मोजा. स्केल (नटापासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी) ६४८ मिमी, म्हणजे बारावा फ्रेट बरोब्बर ३२४ वर. जाड तारांचे सॅडल (ब्रिजवरचे तारेचे टेकू) ६४८ च्या खुणेहून दोन-तीन मिमी मागं जाणार, तेवढी जागा ठेवूनच भोकं आखा.

पिकअप सिंगल कॉइल, स्वस्तातले: लोखंडी खुंट आणि खाली चिकटवलेलं सिरॅमिक चुंबक. मल्टिमीटरवर दोन्ही सहा-सात किलोओहम दाखवतात. २५० किलोओहमचे पॉट (आवाज आणि टोन कमी-जास्त करायची बटणं) लावले. खाचेत तांब्याची पट्टी चिकटवून ती ग्राउंडला जोडली, ब्रिजलाही वायर दिली. सिंगल कॉइलची गुणगुण पूर्ण जात नाही, पण बरीच उतरली.

आता खरी गंमत. नट कापताना खाच खुंट्यांकडं उतरती हवी, म्हणजे तार फिंगरबोर्डकडच्या कडेवरूनच सुटते. खाच सपाट राहिली तर तार तिच्यावर घासून झणझणते. गिटारवाले हा दोष मानतात, आणि मिरजेत हेच झणझणणं मुद्दाम घडवलं जातं, त्यालाच जवारी म्हणतात! सतारमेकर गल्लीत एका कारागिरांकडं बसून मी घोडी (सतारीचा ब्रिज) घासताना पाहिली. घोडीचा माथा किंचित उतरता, तार कंप पावताना त्याला टेकत-सुटत राहते, वरचे स्वर खुलतात. ‘घाई केलीत की जवारी बंद पडंल,’ ते म्हणाले, आणि दोन हात मारले की प्रत्येक वेळी तार छेडून ऐकत होते. तंबोऱ्यात घोडीवर तारेखाली सूत सरकवून तीच जागा शोधतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागं हा कान आहे.

विजेच्या गिटारवर हा प्रयोग जुना आहे. डॅनइलेक्ट्रो या अमेरिकी कंपनीची कोरल इलेक्ट्रिक सितार १९६७ मध्ये आली, तिच्यात असाच रुंद ब्रिज होता. अडचण एकच: तार नक्की कुठून सुटते हे ठरत नसल्यानं वरच्या फ्रेटवर सूर हलतो. म्हणून मी मूळ ब्रिज तसाच ठेवून सॅडलच्या जागी बसेल अशी शिसवीची बारकी घोडी घासतोय, फक्त पातळ तीन तारांसाठी. नको असेल तेव्हा काढून ठेवता येईल. सध्या पहिली तार छान बोलते, तिसरी अजून बसकी आहे, तिथला उतार कमी करून पाहणार.

फिनिशला चपडा (लाख) स्पिरिटमध्ये विरघळवून कापडी बोळ्यानं हात देतोय. खाली सांगलीच्या हळदीचा रंग द्यायचा विचार होता, पण हळद उन्हात उडते, म्हणून तुनाचा मूळ लालसर रंगच राहील. पावसाळ्यात लाकूड ओल धरेल तेव्हा ट्रस रॉड परत बघावा लागेल. कुणी शिसवीऐवजी हाडाची घोडी गिटारवर बसवली असेल तर माथा किती रुंद ठेवला ते जरूर कळवा.