चार माणसांचं जेवण

पेपर तपासणीच्या केंद्रावर तिसऱ्या गठ्ठ्यानंतर आपण उत्तरं वाचत नाही, नुसती ओळखतो. जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ या कादंबरीवर दहा मार्कांचा प्रश्न होता: उपरोधासाठी लेखकाने काय काय वापरलंय? उंच टाचा-बुटक्या टाचांचे पक्ष, अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावरून युद्ध, काकडीतून सूर्यकिरण काढणारा संशोधक, शेवटी ‘स्विफ्ट मानवद्वेष्टा होता’. सगळं गाईडमधलं. सहा मार्क, पुढचा पेपर.

मग एक पेपर आला. त्यात ना अंडं, ना काकडी. मोडक्या इंग्रजीत फक्त गलिव्हरचं जेवण. बोटभर माणसांच्या लिलिपुट देशाचा राजा त्याला रोज १७२४ माणसांचा शिधा मंजूर करतो. दरबारच्या गणितज्ञांनी त्याची उंची मोजलेली असते, प्रमाण बारास एक, म्हणजे उंची, रुंदी, जाडी तिन्हीत तो त्यांच्या बारापट. त्याखाली पोराने (की पोरीने, कोडनंबरावरून कळत नाही) शाळेसारखा उभा गुणाकार मांडला होता: १२ × १२ = १४४, १४४ × १२ = १७२८. आणि पुढे: ‘चार माणसांचं जेवण कमी आलं. तरी गलिव्हर त्या लोकांच्या हुशारीचं आणि राजाच्या काटेकोर हिशेबाचं कौतुक करतो. तो सगळं मोजतो, पडताळत काहीच नाही. म्हणूनच महाकाय माणसांच्या ब्रॉबडिंगनाग देशाच्या राजाला तोफेच्या दारूची महती सांगताना राजा का हादरतो, हे त्याला कळत नाही.’

वीस वर्षं मी गलिव्हर हा निवेदक वर्गात शिकवतोय, गुणाकार कधी करून पाहिला नव्हता. नऊ दिले.

मॉडरेटर मॅडमनी पाच केले. “सर, मॉडेल आन्सरमध्ये हा मुद्दा कुठंय?” नव्हताच. मॉडेल आन्सर काढणाऱ्याने कादंबरी उघडली असेल, याचीच मला शंका आहे. अर्धा तास हुज्जत घातली. चहा गार झाला. सातवर मिटलं.

रात्री घरी कादंबरीची एक वेगळी आवृत्ती काढली. त्यात १७२४ऐवजी छापलंय १७२८.

पोटात गोळाच आला. म्हणजे चूक ना दरबाराची, ना गलिव्हरची. बहुधा छापखान्यातल्या कुठल्यातरी खिळे जुळवणाऱ्याची, आणि पोराने त्यावर अख्खा निवेदक उभा केला. मग १७३५च्या डब्लिन आवृत्तीतलं गलिव्हरचं पत्र आठवलं. मुद्रकाने आपल्या सफरींच्या तारखांचा घोळ केला, अशी तो त्यात तक्रार करतो. ती तक्रारही अर्थात स्विफ्टनेच लिहिलेली. मग इथे मुद्रकावर तरी कसा ठपका ठेवायचा?

बायकोने विचारलं, “पण गुणाकार बरोबर होता ना?”

बरोबर होता. गठ्ठा सीलबंद होऊन गेला आणि सातच मार्क लागले. मी मात्र दोन्ही पुस्तकं अजून टेबलावरच उघडी ठेवलीत.