परवचा आणि श्रुतलेखन

शाळेविषयी लिहायचं तर मी शेवटच्या तासाच्या परवच्याविषयी, म्हणजे सगळ्यांनी मिळून मोठ्याने पाढे म्हणण्याविषयी, आणि श्रुतलेखनाविषयीच लिहीन. ऐकून-बोलून शिकणं म्हणजे काय, हे आमच्या बाईंना पक्कं ठाऊक होतं.

'बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा' हे एका सुरात म्हणताना एक ओळ पुढची ओळ ओढून आणते. पण खोटही तिथेच आहे. सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज लपवणारं मूल ओळीचा शेवट तेवढा पकडतं. ज्याचा पाढा नुसता ठेक्यावर बसलाय, त्याला 'सात आठी किती?' विचारलं की ते 'सात एके'पासून चढू लागतं. म्हणून बाई आधी सगळा वर्ग, मग एकेक रांग, मग एकेकटं मूल असा क्रम ठेवत. पाढा उलटा म्हणवून घेत, मधलीच ओळ विचारत आणि उत्तर लगेच पाटीवर लिहायला लावत. हे लिहिणं फार गरजेचं, कारण मराठीत एकक आधी बोलतात. 'त्रेसष्ट' ऐकून ३६ लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. दिडकी, सवायकी म्हणजे दीडाच्या, सव्वाच्या पाढ्यांचीही तीच रीत.

यातली खरी ताकद न बघता आठवून म्हणण्यात आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे वाचायला दिलेल्या उताऱ्यांवर तपासलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र आठवून पाहणारे. मुलांचे 'ऐकून शिकणारी' आणि 'पाहून शिकणारी' असे कप्पे करून शिकवण्याला मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांच्या २००८ सालच्या आढाव्यात पुरेसा पुरावा सापडला नाही. मला ते पटतं. परवच्याचा उपयोग सगळ्यांनाच होई.

श्रुतलेखनात बाई वाक्य आधी पूर्ण वाचत, मग चार-पाच शब्दांचे तुकडे करून, शेवटी विरामचिन्हांसह पुन्हा पूर्ण. तुकडा लहानच हवा. ऐकलेलं मनात घोळवायची जागा साधारण दोन सेकंदांच्या बोलण्याएवढी असते. दहा शब्द एकदम सांगितले की काही गळतातच. मूल तुकडा ओठातल्या ओठात म्हणून मग लिहू लागलं की चुका कमी होतात.

काही चुका मात्र कानाच्या आवाक्याबाहेरच्या. 'श' आणि 'ष' बोलण्यात बहुधा सारखेच येतात. 'वीट' पण 'विटेला', 'फूल' पण 'फुलाला', हा ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही कानाला नीट कळत नाही. तिथे बाई शब्द फळ्यावर लिहीत, तो पुसून मुलांकडून लिहून घेत आणि मगच पुढच्या वाक्याकडे वळत.