सव्वानऊ इंची करवतीची निवड : आमची वाटचाल

आमच्या कारखान्यात आज प्रामुख्याने दोन प्रकारचे लाकूड येते आणि अवजारांविषयीचा आमचा जवळजवळ प्रत्येक निर्णय या दोन लाकडांनी ठरवलेला आहे. एक म्हणजे नाशकातील सातपूर व अंबड या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांच्या मालासाठी पेट्या आणि पॅलेट, म्हणजे मालाखाली ठेवायचे लाकडी तळ, करायला लागणारे पाइन, आणि दुसरे म्हणजे जुन्या नाशकातील वाड्यांच्या दुरुस्तीत उतरवलेले, कित्येक दशके छताचा भार वाहिलेले सागवान. जड कामासाठी कोणती गोल करवत घ्यावी, असे अनेक तरुण व्यावसायिक आम्हाला विचारतात. त्याचे उत्तर आमच्या वाटचालीतच आहे, म्हणून ती सविस्तर लिहीत आहे.

वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पंचवटीतील एका पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकाम सुरू केले. हातकरवत, रंधा, पटाशी, वाकस आणि काटकोन तपासायचा गुण्या एवढ्या सामग्रीवर दारे, खिडक्या आणि देव्हारे होत असत. मोठे लाकूड वखारीतील आरा मशीनवर चिरून आणले जाई. पुढे शहर गंगापूर रोडच्या दिशेने वाढले, सदनिकांमध्ये प्लायवूडचे फर्निचर आले आणि त्याबरोबर चार इंची कटर आले. ११० मिमीच्या पात्याचे हे यंत्र मिनिटाला बारा हजारांहून अधिक फेरे घेते, पण तीस-पस्तीस मिलिमीटरपेक्षा खोल कापत नाही. मुळात ते फरशी कापण्यासाठीचे यंत्र आहे. त्याला लाकडाचे दातेरी पाते लावून प्लाय कापण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास रूढ असली, तरी त्यावर पाते झाकणारे, आपोआप मिटणारे खालचे झाकण नसते, आणि माझ्या मते लाकूडकामात त्याला जागा देऊ नये.

जाड लाकूड आमच्याकडे दोन वाटांनी आले. औद्योगिक वसाहतीतील विद्युत पॅनेल आणि सुट्या भागांच्या उत्पादकांना निर्यातीसाठी भक्कम पेट्या हव्या होत्या, आणि परदेशी जाणाऱ्या अशा पेटीचे लाकूड आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमानुसार कीड मारण्यासाठी मान्य पद्धतीने, उदाहरणार्थ गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवून, प्रक्रिया करून त्यावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह उमटवावे लागते. दुसरी वाट ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीला आलेल्या पुरानंतर उघडली. त्या पावसाळ्यानंतर भद्रकाली आणि पंचवटीतील काही घरमालकांनी वाडा पाडण्याऐवजी दुरुस्त करण्याचा विचार सुरू केला आणि तुळया, खांब, कडीपाट यांचे काम आमच्याकडे येऊ लागले.

तोवर आमच्याकडे सात इंची, म्हणजे १८५ मिमी पात्याची करवत होती. या मापाची यंत्रे काटकोनात साधारण ६५ मिमी कापतात. प्लाय, चौकटी आणि पेट्यांच्या फळ्या यांच्यासाठी ते पुरेसे आहे आणि ते यंत्र आजही रोज वापरात आहे. परंतु पॅलेटखालचे तीन इंची, म्हणजे ७६ मिमी जाडीचे रनर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, कापताना प्रत्येक तुकडा उलटून दोन वेळा कापावा लागे आणि दोन्ही काप तंतोतंत एका रेषेत येणे हे पूर्णपणे कारागिराच्या हातावर अवलंबून राही.

नवे यंत्र घेण्यापूर्वी आम्ही एक साधी गोष्ट केली. कारखान्यात आणि साइटवर जे काप होत होते त्यांची जाडी, कोन आणि लाकडाची जात एका वहीत लिहायला सुरुवात केली. यंत्राच्या जाहिरातीत वॅटचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो, पण खरेदीचा पहिला प्रश्न कापाच्या खोलीचा असतो, हे त्या वहीने स्पष्ट केले. आमचे बहुतेक जाड काप ५० ते ७६ मिमीच्या दरम्यान होते. चार इंच जाडीचे काप त्यामानाने कमी होते, आणि सहा-आठ इंची तुळया फक्त वाड्यांच्या कामात येत होत्या.

बाजारात त्या वेळी तीन पर्याय समोर होते. २३५ मिमीचे, म्हणजे सव्वानऊ इंची, पाते काटकोनात सुमारे ८५ मिमी आणि ४५ अंशांवर साठ-पासष्ट मिमी कापते. यंत्राचे वजन सात-आठ किलो असते. २७० मिमीचे पाते १०० मिमीच्या आसपास जाते, मात्र वजन दहा किलोकडे झुकते. सोळा इंची, म्हणजे ४१५ मिमीचे यंत्र दीडशे मिलिमीटरहून अधिक खोल कापते आणि त्याचे वजन चौदा किलोच्या घरात असते. कागदावर पाहिले तर मोठे यंत्र छोट्याचे सर्व काम करू शकते, म्हणून माझा कल २७० मिमीकडे होता. आमचे ज्येष्ठ मिस्त्री, ज्यांना कारखान्यात सगळे मामा म्हणतात, दुकानात २३५ आणि २७० मिमीची दोन्ही यंत्रे हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, हे मशीन टेबलावर नाही, वाड्याच्या माळ्यावर परांचीवर उभं राहून चालवायचं आहे. जे मी एका रेषेवर शेवटपर्यंत धरू शकेन, तेच घ्या.” निर्णय तिथेच झाला. आम्ही दोन हजार वॅटच्या वर्गातील २३५ मिमीचे यंत्र घेतले.

८५ मिमीची खोली तुळईला कशी पुरते, असा प्रश्न स्वाभाविक आहे. भिंतीत गेलेले तुळईचे टोक ओलाव्याने कुजते, तेवढा भाग कापून निरोगी लाकडाला नवे लाकूड तिरकस सांध्याने जोडणे हे वाड्यांच्या दुरुस्तीतील सर्वांत नाजूक काम आहे. २०० मिमी चौरस तुळईचे टोक आडवे कापून टाकताना गुण्याने चारही बाजूंवर रेषा फिरवून घेतली आणि प्रत्येक बाजूने ८५ मिमी कापले, तर मध्ये केवळ ३० मिमी चौरसाचा गाभा उरतो, जो हातकरवतीने सहज सुटतो. शेवटचा भाग हाताने कापण्याचा मोठा लाभ असा की तुळई सुटण्याच्या क्षणी फिरते पाते तिच्यात नसते. सांध्याचा तिरकस उतार आम्ही करवतीने ठरावीक अंतरावर खाचा घेऊन पटाशी आणि रंध्याने उतरवतो. तुळईच्या उभ्या फळ्या चिरायच्या असतील तर ते काम आजही वखारीतील पट्टी-आऱ्यावरच पाठवतो, कारण हातातील करवतीचे पाते सुमारे २.८ मिमी लाकडाचा भुसा करते. १५० मिमीच्या तुळईत पाच काप घेतले तर १४ मिमी, म्हणजे इंची फळीचा निम्म्याहून अधिक भाग, भुशात जातो. शंभर वर्षांच्या सागाच्या बाबतीत हे नुकसान मला मान्य नाही.

पात्याची निवड यंत्राइतकीच महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. लाकडाच्या रेषेच्या दिशेने, म्हणजे उभे कापताना, लांब तंतू निघतात. त्यांना बाहेर पडायला दातांमधील खोबणी मोठी लागते, म्हणून वीस-चोवीस दातांचे पाते घ्यावे. आडव्या कापाला चाळीस दात आणि प्लायला साठ दात असतील तर कडा फाटत नाहीत. कमी दातांच्या पात्याने प्लाय कापला तर वरचा थर उचकटतो; जास्त दातांच्या पात्याने जाड साग उभा चिरला तर भुसा अडकून पाते तापते, लाकूड काळे पडते आणि दोष मात्र मोटारीवर जातो. सागात सिलिकाचे कण असल्यामुळे साध्या पोलादाची धार लवकर बोथट होते, त्यामुळे टंगस्टन कार्बाइडचे दातच घ्यावेत. पाइनची अडचण वेगळी आहे. त्याची राळ पात्यावर चिकटून घर्षण वाढवते, म्हणून आठवड्याच्या शेवटी पाती उतरवून स्वच्छ करण्याचा आमचा नियम आहे. जुन्या तुळईत मोडलेले खिळे असतात आणि कार्बाइड जितके कठीण तितकेच ठिसूळ असल्यामुळे एक खिळा दोन-तीन दात उडवू शकतो. उडालेला तुकडा डोळ्यापर्यंतही येऊ शकतो. त्यामुळे धातुशोधक फिरवल्याशिवाय आणि खिळे उपटल्याशिवाय जुन्या लाकडावर करवत चढत नाही. पाते विकत घेताना मधल्या भोकाचे मापही पाहावे, कारण त्याच व्यासाची पाती २५.४ आणि ३० मिमी अशा वेगवेगळ्या भोकांची मिळतात, आणि सैल बसलेले पाते थरथरत फिरते.

सुरक्षिततेबाबत आम्ही कोणतीही तडजोड करत नाही. २३५ मिमीचे पाते मिनिटाला पाच हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी २२० किलोमीटरच्या आसपास असतो. काप पुढे जाताना लाकडाच्या अंतर्गत ताणामुळे मागची फट मिटते, पाते चिमटले जाते आणि यंत्र कारागिराच्या दिशेने उसळते. हे टाळण्यासाठी पात्यामागे रायव्हिंग नाइफ नावाची पट्टी असते. तिची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दातांच्या रुंदीपेक्षा कमी असावी लागते. ही पट्टी अडचणीची वाटते म्हणून काढून ठेवणारे अनेक जण मी पाहिले आहेत. आमच्याकडे ती काढलेली आढळली तर काम थांबते. लाकडाला दोन टोकांवर आधार देऊन मध्ये कापू नये, कारण मधला भाग खाली वाकून फट मिटवतो. आधार कापाजवळ द्यावा आणि सुटणारा तुकडा मोकळा पडू द्यावा. पाते लाकडाखाली दाताच्या उंचीपेक्षा, म्हणजे पाच-सहा मिलिमीटरपेक्षा, अधिक बाहेर येऊ देऊ नये. लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये मानवी कर्करोगाचे निश्चित कारण मानले आहे, हे मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगते आणि मास्क व कानाचे संरक्षण दोन्ही त्याच्या हातात देते.

वाड्यांच्या कामात विजेचा विचार वेगळा करावा लागला. २३० व्होल्टवर दोन हजार वॅटचे यंत्र जवळजवळ नऊ अँपिअर घेते, म्हणजे सहा अँपिअरचा घरगुती सॉकेट त्याला चालत नाही, सोळाचाच लागतो. अरुंद बोळातून तीस मीटर वायर आत न्यावी लागते. ती एक चौरस मिमीची असेल तर पूर्ण भारावर सुमारे ९ व्होल्ट वायरमध्येच जातात. अडीच चौरस मिमीची असेल तर चारपेक्षा कमी. जुन्या वस्तीत मुळात विजेचा दाब कमी असताना हा फरक मोटारीला जाणवतो, ती जास्त प्रवाह ओढून तापते. आम्ही अडीच चौरस मिमीची तांब्याची वायर वापरतो आणि गुंडाळी पूर्ण सोडल्याशिवाय यंत्र चालू करत नाही. लांब काप झाल्यावर अर्धा मिनिट यंत्र रिकामे फिरवले की आतील पंखा मोटार थंड करतो.

दुकानात यंत्र पाहताना वायर सुटी ठेवून तळपट्टी आणि पाते यांच्यामध्ये गुण्या लावून काटकोन तपासावा, खालचे झाकण उघडून सोडावे आणि ते झटकन मिटते की रेंगाळते हे पाहावे. कार्बन ब्रश, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे झिजणारे तुकडे, बाहेरूनच बदलता येतात का, हे विचारावे. आर्मेचर (मोटारीचा फिरणारा भाग), स्विच आणि बेअरिंग नाशकातच मिळतात की मुंबईहून मागवावे लागतात, याची चौकशी करावी, कारण ऑर्डर चालू असताना बंद पडलेले यंत्र किती वॅटचे होते याने काही फरक पडत नाही. आम्ही याच कारणासाठी दुसरे यंत्रही त्याच मॉडेलचे घेतले. आता ब्रश, पाती आणि पाने दोन्हींना सामाईक आहेत, आणि एक दुरुस्तीला गेले तरी काम चालू राहते.

सध्या आमच्यासमोर सोळा इंची यंत्राचा प्रश्न आहे. २०२७ च्या सिंहस्थाआधी वाड्यांच्या दुरुस्तीची विचारणा वाढली आहे आणि आठ इंची तुळयांचे काप वहीत पूर्वीपेक्षा अधिक दिसू लागले आहेत. मामांचे म्हणणे आहे की चौदा किलोचे यंत्र माळ्यावर न नेता तुळई खाली उतरवून घोड्यांवर, म्हणजे लाकूड ठेवायच्या तिवयांवर, कापावी, आणि ज्या कामात तुळई उतरवता येते तेवढ्यापुरतेच ते भाड्याने आणावे. या हंगामातील नोंदी पूर्ण होईपर्यंत आम्ही तसेच करणार आहोत.