बाहुलीचा ताप

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. त्यामुळे "पोरगी शाळेत जाऊनच नाही राहिली" ही तक्रार माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येते ती जुलैत. त्या दिवशी नागपुरातल्या मानेवाड्याकडचं एक जोडपं चार वर्षांच्या मुलीला घेऊन आलं. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.)

मी खेळणी पसरली. मुलीनं बाहुली उचलली, आइस्क्रीमची काडी तिच्या काखेत खुपसली, तोंडानंच 'टीं टीं' केलं आणि डॉक्टरच्या गांभीर्यानं सांगितलं, "नव्याण्णव पॉइंट दोन. उद्या शाळा नाही."

आई ओशाळली. थर्मामीटर तिच्या पर्समध्येच होतं. दिवसातून सात-आठदा मोजायची. शाळेचे तीनही तास फाटकाशी उभी. "रडून तिनं इकडे पाह्यलं तर मी दिसायला पाहिजे ना जी!"

बाबा तडकले. "हिलाच समजवा मॅडम. हीच घाबरवते पोरीला." हेच बाबा आल्यापासून तिसऱ्यांदा विचारत होते, हे काही सिरीयस तर नाही ना?

नवीन होते तेव्हा एका आईला मी तोंडावर म्हटलं होतं, "तुमचीच भीती मुलात उतरलीय." खरं होतं ते. ती पुन्हा आली नाही. तेव्हापासून जीभ आवरते.

कोपऱ्यात छोटी घसरगुंडी आहे. मुलगी तिसऱ्या पायरीवर अडली. खाली नाही बघितलं तिनं, आईच्या तोंडाकडे बघितलं. आईचा श्वास अडकलेला, हात अर्धा पुढे आलेला. मुलगी गुपचूप उतरली.

मग मी त्या दोघांना १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन प्रयोग सांगितला. वर्षाच्या बाळांसमोर जाड काच, काचेखाली खड्डा असल्याचा भास, पलीकडे आई. आईनं भेदरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही बाळ पलीकडे गेलं नाही. हसरा केला तेव्हा १९ पैकी १४ रांगत गेली. "तिला रस्ता तुमच्या चेहऱ्यावर दिसतो," एवढंच मी म्हटलं. आईचे डोळे भरले, पण उठून नाही गेली.

'काही होत नाही, घाबरू नको' हे वाक्य मी बंद करायला लावलं. त्याऐवजी: "तुले भेव वाटते, मले समजते. अन् तुले जमते." आईनं ते माझ्यासमोर चार-पाचदा घोकलं. शेवटी दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसली. मुलगी पुन्हा तिसऱ्या पायरीवर. पुन्हा ती नजर. आई कापऱ्या आवाजात बोलली. मुलगी बराच वेळ थांबली आणि चौथीवर चढली. घसरल्यावर टाळ्या बाबांनी वाजवल्या, जरा जास्तच.

आईला रात्र-रात्र झोप नव्हती, छातीत धडधड व्हायची. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांची वेगळी वेळ घेतली. रात्री जीव घाबरला तर म्हणून टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चिठ्ठीवर दिला. थर्मामीटर बाबांच्या कपाटात गेलं. अंग खरंच गरम लागलं तरच निघणार. फाटकावरून पहिल्या आठवड्यात समोरच्या कडुनिंबापर्यंत, पुढे चौकापर्यंत मागे सरकायचं ठरलं. मधे एकदा आई धावत फाटकाशी परतलीही.

चौथ्या आठवड्यात फोनवर एक फोटो आला. तर्री-पोह्याची अर्धी संपलेली प्लेट. खाली लिहिलं होतं, "इथून शाळा दिसत नाही. तर्री लई तिखट होती जी."