निम्मे पूल पॉझिटिव्ह

संध्याकाळच्या रनमध्ये विषाणू शोधणाऱ्या आरटी-पीसीआर मशीनच्या स्क्रीनवर पॉझिटिव्ह दाखवणाऱ्या रेषा एकामागून एक वर चढत गेल्या. आठ-आठ जणांचे नमुने थोडे थोडे एकत्र मिसळून एकाच चाचणीत तपासायचे, असे हे पूल आणि त्यांतले जवळजवळ निम्मे पॉझिटिव्ह! संसर्ग १०० जणांत एकाला असतो, तेव्हा असे बारा-तेरा पूल तपासले की एखादा पॉझिटिव्ह निघतो. निम्मे निघाले, म्हणजे प्रमाण शंभरात आठाच्या घरात गेलं होतं.

पूल निगेटिव्ह आला तर त्यातले सगळेच निगेटिव्ह. पॉझिटिव्ह आला की त्यातला प्रत्येक नमुना पुन्हा वेगळा लावायचा. रॉबर्ट डॉर्फमन यांनी १९४३ मध्ये सिफिलिस या गुप्तरोगाच्या तपासणीसाठी मांडलेली ही रीत किट वाचवते, पण दुसऱ्या फेरीचा वेळ खाते. त्याचा भुर्दंड निगेटिव्ह माणसांनाही पडतो. वॉर्डातून सारखे फोन येत होते. एका बाईंचं ऑपरेशन रिपोर्ट न आल्यामुळे अडलं होतं आणि त्यांचा नमुना अशाच एका पूलमध्ये होता.

मशीनला लागतो दीडेक तास. खरा वेळ चालला होता मूळ ट्यूब शोधण्यात. उरलेले नमुने जागा मिळेल तसे फ्रीजमध्ये गेलेले, एकाच पूलच्या ट्यूब तीन-चार रॅकमध्ये विखुरलेल्या. माझी सहकारी एकेक ट्यूब उचलून बारकोड स्कॅन करत होती, नाही जुळला की परत ठेवत होती. त्या बाईंची ट्यूब हाती लागताच पुढच्या रनमध्ये घातली. रिपोर्ट निगेटिव्ह आला. ज्यांचे पूल निगेटिव्ह होते, त्यांचे रिपोर्ट बॅच पुरी व्हायची वाट न पाहता पाठवून दिले.

त्या रात्रीनंतर निकाल लागेपर्यंत ट्यूब पूलच्याच क्रमाने रॅकमध्ये राहू लागल्या. पूल चारचा केला. इतक्या संसर्गात तोच परवडतो. तातडीच्या ऑपरेशनचे नमुने तर पूलमध्ये घालायचेच नाहीत, यावर मी अडून बसले.

संसर्ग ओसरल्यावर आडव्या-उभ्या ओळींची मांडणी सुरू केली. ६४ नमुने, आठ आडव्या ओळी, आठ उभ्या, मिळून १६ पूल. प्रत्येक नमुना एका आडव्या आणि एका उभ्या पूलमध्ये असतो. एकच पॉझिटिव्ह असेल तर तो पहिल्याच फेरीत सापडतो. दोन असले तर बहुतेक वेळा चौघांवर संशय येतो, मग दुसरी फेरी आलीच. पिपेटचं काम दुप्पट होतं, थकलेल्या हातांना ते देऊ नये. तरी कमी संसर्गात मला हीच मांडणी पसंत आहे.

उशिरा तीनच नमुने आले, तर चौथ्यासाठी थांबायचं का, यावर आमच्यात अजून वाद होतात. मी थांबत नाही. तिघांचाच पूल लावते.