आर-२२ हेलिकॉप्टर सिम्युलेटर सराव, टप्पा ४: ३०० फुटांवर इंजिन बंद

मागच्या टप्प्यात १,००० फुटांवरून ऑटोरोटेशन (इंजिनाशिवाय, खालून येणाऱ्या हवेवर रोटर फिरत ठेवून उतरणं) बसलं होतं. आता वेग तोच, ६५ नॉट, पण थ्रॉटल ३०० फुटांवर बंद. सुरुवातीचे जवळपास सगळे प्रयत्न आपटले आणि कारण दर वेळी एकच निघालं: कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा डाव्या हाताचा दांडा) खाली जायला झालेला उशीर.

आर-२२च्या रोटरला दोनच पाती, तीही हलकी, त्यामुळे साठवलेली ऊर्जा फार थोडी. इंजिन गेलं की फ्रीव्हील क्लच रोटरला मोकळं करतो, नाक डावीकडे झटका खातं आणि रोटर आरपीएमचा (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा पडायला लागतो. ९७ टक्क्यांना हॉर्न वाजतो. तो ऐकून विचार करत बसलात तर वेळ गेली. साधारण ८० टक्क्यांखाली पाती स्टॉल होतात (उचल गमावतात), मग कलेक्टिव्ह तळाला नेऊनही रोटर परत फिरत नाही.

अडचण हाताची आहे. जमीन जवळ दिसली की डावा हात कलेक्टिव्ह वर ओढू पाहतो, आणि नेमका त्यानेच उरलेला आरपीएम खाल्ला जातो. म्हणून कलेक्टिव्ह पूर्ण खाली, उजवं पेडल, सायक्लिक (दिशा आणि वेग सांभाळणारी उजव्या हाताची काठी) किंचित मागे, हे तिन्ही एकदम. सायक्लिक मागे आलं की हवा खालून रोटरच्या चकतीत शिरते आणि आरपीएम सावरतो. वेग मिळवायला नाक झटक्यात खाली दाबू नका. दोन पात्यांच्या रोटरवरचा भार उतरणं फार धोक्याचं.

पुढे आरपीएम ९७ ते ११० टक्क्यांत. उतरण्याचा वेग मिनिटाला दीड हजार फुटांच्या आसपास, म्हणजे हातात जेमतेम बारा सेकंद. जागा शोधायला वळण घ्यायचं नाही, समोर जे मोकळं असेल तिथेच. ४० फुटांवर फ्लेअर (नाक वर करून वेग मोडणं), ८ फुटांवर सायक्लिक पुढे करून हेलिकॉप्टर सपाट, आणि टेकण्याच्या अगदी आधी कलेक्टिव्ह वर. फ्लेअर लवकर झाला तर वेग हवेतच संपतो आणि उंची उरते. सपाट करायला उशीर झाला तर शेपूट आधी लागते.

ज्यांचा काटा काही केल्या सावरत नाही, त्यांनी आधी जॉयस्टिकचा कलेक्टिव्ह अक्ष तपासा. तो उलटा जोडलेला असेल किंवा तळाशी डेड झोन (दांडा हलूनही नोंद न होणारा पट्टा) जास्त असेल, तर 'पूर्ण खाली' खरंच पूर्ण खाली जात नाही.

५ फुटांवरच्या हॉवरला (हवेत एका जागी तरंगण्याला) नियम वेगळा. तिथे कलेक्टिव्ह खाली न्यायचा नाही. उजवं पेडल, यंत्र आपणहून बसू द्या, टेकताना कलेक्टिव्ह वर. १०० फुटांवरच्या हॉवरसाठी मात्र युक्ती नाही. ना वेग आहे, ना तो मिळवायला उंची. उंची-वेग आलेखातला टाळायचा भाग तो हाच, त्यामुळे तिथे रेंगाळायचंच नाही.

टप्पा ५ कार्ब्युरेटरमधल्या बर्फाचा. बाहेर ३० अंश सेल्सिअस असलं तरी दमट हवेत तो जमू शकतो, आणि गव्हर्नर (आरपीएम आपोआप स्थिर ठेवणारी यंत्रणा) थ्रॉटल उघडत राहून शक्ती घटल्याचं झाकतो. खाली उतरताना मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) १८ इंचांखाली गेलं की कार्ब्युरेटर तापमानाच्या काट्यावर न विसंबता कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा) पूर्ण. सराव तिथून सुरू.