पिरिअस ते हेराक्लिओन, रात्रीच्या बोटीने

अथेन्सहून क्रीट या ग्रीक बेटावर विमानाने तासाभरात पोहोचता येते हे ठाऊक असूनही मी पिरिअस या अथेन्सच्या बंदरातून सुटणारी रात्रीची बोट निवडली, कारण ज्या दोन शहरांचा सारा इतिहास समुद्रावरून आला, त्यांच्यामधला समुद्र पाहायचा राहून जावा हे मला पटत नव्हते. रात्री नऊच्या सुमारास निघालेली बोट पहाटे क्रीटमधल्या हेराक्लिओन शहराला लागते. अथेन्सची मेट्रो पिरिअसपर्यंत जाते, परंतु बंदर इतके पसरलेले आहे की आपले प्रवेशद्वार गाठण्यासाठी वेळ हाताशी ठेवावाच.

बोटीच्या पाठीमागचा प्रचंड दरवाजा धक्क्यावर टेकलेला असतो आणि मालमोटारी एकामागून एक उलट्या चालत पोटात शिरत असतात. ते पाहताना मला १९६६ सालच्या डिसेंबरची आठवण झाली. क्रीटमधील सूदा बंदरातून पिरिअसकडे येणारी ‘हेराक्लिओन’ नावाची बोट तेव्हा वादळात फाल्कोनेरा बेटाजवळ बुडाली; नीट न बांधलेला एक ट्रक आतून दरवाजावर आदळला, पाणी आत शिरले आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. हल्ली वाऱ्याचा जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बोटींना बंदर सोडू देत नाहीत. प्रवासी त्यावर चिडतात, मला मात्र तो नियम अत्यंत मोलाचा वाटतो.

माझे तिकीट डेकचे, म्हणजे सर्वांत स्वस्त होते. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून ‘मेल्टेमी’ वारा वाहतो; क्रीटकडे जाताना तो पाठीशी असतो, तरीही मध्यरात्रीनंतर उघड्यावर चांगलेच गारठायला होते, म्हणून जाड पांघरूण अवश्य न्यावे.

झोप आली नाही तेव्हा मी या दोन बंदरांना जोडणाऱ्या एका माणसाचा विचार करीत होतो. हेराक्लिओन पूर्वी व्हेनिसच्या ताब्यात होते आणि त्याचे नाव कँडिया होते. १६४८ पासून एकवीस वर्षे चाललेल्या वेढ्यानंतर १६६९ साली फ्रान्चेस्को मोरोसिनी या व्हेनिसच्या सेनानीने ते ऑटोमन तुर्कांच्या हवाली केले. पुढे १६८७ साली त्याच्याच सैन्याने अथेन्स घेतले, आणि परतताना पिरिअसच्या बंदरावर शतकानुशतके बसलेला संगमरवरी सिंह त्याने व्हेनिसला नेला. ज्या सिंहामुळे नाविक पिरिअसला ‘पोर्तो लेओने’, म्हणजे सिंहाचे बंदर म्हणत, तो आजही व्हेनिसच्या जुन्या नौदल गोदीच्या दारात आहे.

उजाडताना डिया हे निर्जन बेट मागे पडले आणि कूलेस किल्ल्याची दगडी भिंत दिसू लागली. त्या भिंतीवरही व्हेनिसचा पंखधारी सिंह कोरलेला आहे. बोट जागच्या जागी वळून धक्क्याकडे पाठ करू लागली, तळातल्या ट्रकांची इंजिने सुरू झाली. मी पायीच चढ चढून जुन्या शहरातल्या चौकात गेलो. तिथे १६२८ सालचे, त्याच नावाच्या आणखी एका मोरोसिनीने उभारलेले कारंजे आहे आणि त्याचे वरचे पात्र चार सिंहांनी पेलले आहे. दुकाने अजून उघडायची होती, म्हणून मला ते सिंह एकट्याने, हवा तितका वेळ पाहता आले.